एकविसावी मोळी

इंग्लंडला जाऊन काय काय पाहिलंत, असं कोणी विचारलं की मला कंटाळा येतो. राजवाडा पाहिला, पूल पाहिला, मेणाचे पुतळे पाहिले. त्यातलं आज धड काही आठवत नाही. आठवतं ते एक अठरा एकरांचं चिखलाने भरलेलं रान, आणि त्यात एका ओकच्या बुंध्याभोवती रचलेल्या वीस मोळ्या. त्या मोळ्या सानपाड्याच्या सुंदराबाईच्या होत्या. तिच्याबद्दल लिहायचं असं मी गेली कित्येक वर्षं म्हणते आहे. आता लिहून टाकते, नाहीतर राहूनच जायचं.

आम्ही वाशीला राहायला आलो शहात्तर साली. तेव्हा वाशी म्हणजे चार रांगा इमारती, त्यांच्यामध्ये वारा आणि धूळ. मी ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवत होते. एका दुपारी घरी आले तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर लाकडाची मोळी ठेवलेली, आणि तिच्या शेजारी एक बाई ऐसपैस बसलेली. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं, कपाळावरून घाम ओघळतोय. पारसिकच्या डोंगरावरून पहाटे लाकूड तोडून सानपाड्याला परत निघाली होती, सावली दिसली म्हणून टेकली. मी तिला चांगलीच फैलावर घेतली. हा जिना सोसायटीचा आहे, सगळीकडे काटक्या सांडल्या आहेत, कोण झाडणार हे?  ती उठली, आमच्या दारामागची केरसुणी मला न विचारता घेतली आणि तीन मजल्यांचा जिना वरपासून खालपर्यंत झाडून काढला. मग केरसुणी जागेवर ठेवत विचारलं, "तुझ्याकडं केर काढाला बाय हाय का?"

नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती यायला लागली.

ती सगळ्यांना 'तू' म्हणे. मला, आमच्या ह्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला, पोस्टमनला. देशावरून आलेल्या शेजारणींना ते फार टोचायचं. मीही तिला 'तू'च म्हणे, पण माझ्या 'तू'मध्ये मालकीण होती, तिच्या 'तू'मध्ये कोणीच नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या घरची भातशेती नव्या शहरासाठी सरकारजमा झाली होती. नवरा नामदेव आधी मिठागरावर जायचा, तेही आटत चाललं होतं. मीना आणि जयमाला या दोन मुली. थोरली मीना सातवीपर्यंत शिकली. सुंदराबाई चार घरची कामं करायची आणि आठवड्यातून दोनदा डोंगरावर लाकडाला जायची. मी म्हटलं, अगं, रॉकेलचा स्टो घे. म्हणाली, घेतलाय, पण स्टोवर भाकरी रुसते.

माझा मुलगा विलास डॉक्टर. एकोणऐंशी साली इंग्लंडला गेला, तिथल्या एका लहानशा गावात दवाखाना धरला. बायको स्मिता, तीही डॉक्टर. त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात दोघं चार महिन्यांच्या बाळाला घेऊन वाशीला आली. पोर दिवसभर सुंदराबाईच्या मांडीवर. स्मिताची पुढची परीक्षा होती, तिकडे बाळाला सांभाळायला माणूस मिळत नव्हतं. विलास म्हणाला, सुंदराबाईला सहा महिने नेऊ या का? पासपोर्ट, परवाना, सगळं तो करणार होता.

सुंदराबाईने दोन दिवस घेतले. मीनाचं लग्न घणसोलीच्या मुलाशी ठरत होतं, वैशाखात होणार होतं. विलासने तिला माझ्यासमोर शब्द दिला की फेब्रुवारी संपायच्या आत तुला परत पाठवतो. मी साक्षीला होते. त्या शब्दावर ती गेली. आयुष्यात व्हीटीच्या पुढे न गेलेली बाई विमानात बसली, आणि नामदेवला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, काळजी करू नकोस, आमचा विलास शब्दाचा पक्का आहे.

फेब्रुवारी संपला. विलासचं पत्र आलं की स्मिताची परीक्षा पुढे गेली आहे, महिनाभर आणखी. मार्च संपला. एप्रिलमध्ये मीच निघाले, नातवाला पाहायला; शाळेची नोकरी मी तोवर सोडली होती. निघायच्या आदल्या दिवशी नामदेव दारात आला. कधी घरात येऊन बसणारा माणूस नव्हे तो. उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्याने तारीख सांगितली, तेरा मे, रविवार, गोरज मुहूर्त. मग म्हणाला, "बाय, तिला घेऊन ये. आये नसंल त पोरगी मांडवात उभी नाय रानार."

मी घेऊन येते म्हटलं. सरळ, स्पष्ट, दोन शब्दांत.

तिथे पोचले ती एप्रिलची अठरा तारीख. सुंदराबाई बारीक झाली होती. लुगड्यावर विलासचा जुना स्वेटर, पायात लोकरीचे मोजे, त्यावर सपाता. मला पाहून रडेल असं वाटलं होतं. तिने माझी बॅग उचलली आणि विचारलं, "कवा जावाचा?"

त्याच संध्याकाळी मी विलासकडे विषय काढला. तो म्हणाला, आई, स्मिताची परीक्षा जूनमध्ये आहे, आता हिला पाठवली तर आमचं सगळं कोसळेल. मीनाचं लग्न काय, पुढे ढकलता येईल. मी म्हटलं, लग्न पुढे ढकलता येत नाही, परीक्षा एकदा ढकललीच होती ना? तो हसला. दमून आली आहेस, आधी थोडी हिंड, फिर, मग बोलू.

इथे मला एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. मी हिंडले, फिरले. दहा दिवस. सुंदराबाई घरात होती म्हणून तर मला हिंडता येत होतं. बाळ तिच्याकडे, स्वयंपाक तिच्याकडे, आणि मी सहलीच्या बसमध्ये, तिथल्या भाषेत कोचात, बसून राजवाडे बघतेय. रोज रात्री ठरवायचं, उद्या बोलू. सकाळी विलास मला कोचापर्यंत सोडायला गाडी काढून दारात तयार. सुंदराबाईने त्या दहा दिवसांत एकदाही विचारलं नाही. फक्त माझ्या चहाचा कप समोर ठेवताना एक क्षण जास्त उभी राहायची.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मिसेस हॉबडे आल्या. उंच, काटकुळ्या, साठीच्या बाई, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गावाच्या कडेला जे रान होतं, त्याची देखरेख करणाऱ्या मंडळाच्या त्या प्रमुख. बोलणं इतकं गोड की त्या भांडायला आल्या आहेत हे समजायला मला पाच मिनिटं लागली. रानातली वाळकी लाकडं कोणीतरी गोळा करून, बांधून, रचून ठेवत होतं. हे फार नीटनेटकं काम आहे, त्या म्हणाल्या, पण वाळकं लाकूड जिथे पडतं तिथेच पडू द्यायचं असतं. किडे त्यात राहतात, आळंबी त्यावर वाढते. आणि शेजारच्या घरातून कोणीतरी तुमच्या त्या साडीवाल्या बाईंना दर रविवारी रानात जाताना पाहिलं आहे.

विलासचा चेहरा पडला. छोटं गाव, सगळे याचेच पेशंट. आमच्या घरातली बाई गावाच्या रानातून लाकडं चोरते, ही बातमी दवाखान्यात पोचली तर? त्याने सुंदराबाईला हाक मारायला तोंड उघडलं. मी म्हटलं, थांब. मी जाते तिच्याबरोबर. भाषा तुझ्यापेक्षा मला जास्त कळते तिची.

अशी मी त्या रानात गेले. वर्णन करायचं तर फारसं काही नाही. आपल्याकडे त्याला रान म्हणणार नाहीत, अर्ध्या तासात संपतं. हॉबडेबाई पुढे, त्यांच्यामागे मी स्मिताचे दोन नंबर मोठे बूट घालून खपाखप चिखल तुडवत, आणि मागे सुंदराबाई, ती मात्र सपाता घालून कोरडी चाललेली. कुठे पाय ठेवायचा ते तिला ठाऊक होतं. कुंपण आलं की त्यावरून चढून उतरायच्या लाकडी पायऱ्या, त्यावर शेवाळं, मी दोनदा घसरले. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती भुरभुर. झाडांखाली सगळीकडे निळी फुलं उमललेली, गालिचा घातल्यासारखी, आणि हॉबडेबाई दर दहा पावलांनी थांबून माझ्याकडे बघायच्या, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी म्हणत होते, सुंदर आहेत. चौथ्यांदा म्हणताना माझे दात वाजत होते.

मग मोठा ओक आला आणि त्याभोवती मोळ्या.

मी आयुष्यात इतकी देखणी मोळी पाहिली नव्हती. प्रत्येक काठी एका लांबीची, जाड बुडं एका बाजूला, बारीक शेंडे दुसऱ्या. रानातल्याच एका वेलीची दोरी करून दोन ठिकाणी आवळलेली, गाठ आत दाबलेली. वीस. आणि बाजूला एकविसावीची लाकडं ओळीने मांडून ठेवलेली, बांधायची बाकी.

हॉबडेबाईंनी विचारलं, हे कशासाठी? घरात तर गॅस आहे, डॉक्टरांच्या घरी शेकोटीसुद्धा विजेची.

मी सुंदराबाईला विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न विचारायला मला लाज वाटायला हवी.

"पोरीचा लगीन हाय. लाकरं आयशीनंच आनाची."

मग थोडंथोडं करून सगळं निघालं. त्यांच्या गावात मुलीचं लग्न ठरलं की आई डोंगरावर जाते. मांडवाच्या जेवणाची एकवीस मोळ्या लाकडं तिने स्वतःच्या डोक्यावरून आणायची. गल्लीतल्या बाया सोबत चालतात, गाणी म्हणतात, पण त्या एकवीस मोळ्यांना हात लावत नाहीत. दारासमोर त्या रचतात, आणि येणारा जाणारा समजतो, या घरी लग्न आहे. फेब्रुवारीत आपल्याला घरी सोडत नाहीत, हे सुंदराबाईच्या लक्षात आलं. मार्चपासून तिने इथे सुरुवात केली. दर रविवारी सुट्टी असे, स्मिताला सांगायची फिरून येते. एकेका रविवारी तीन, कधी दोन.

"अगं, पण ही लाकडं सानपाड्याला कशी जाणार?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"नाय जानार. मना म्हाईत हाय." ती म्हणाली. "पन मी आनली ना?"

हॉबडेबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी भाषांतर केलं. शाळेत पंचवीस वर्षं इंग्लंडचा नकाशा शिकवला होता, पण त्या सकाळी एकेक शब्द शोधावा लागत होता. बाईंचा चेहरा बदलत गेला. लग्न कधी आहे, त्यांनी विचारलं. तेरा मे. म्हणजे दोनच आठवडे! मग ही जातेय कधी?

आता इथे मला उत्तर द्यायचं होतं. हिला आम्ही जाऊ देत नाही आहोत, माझ्या मुलाने हिचा पासपोर्ट आपल्या टेबलाच्या कप्प्यात ठेवला आहे, आणि मी दहा दिवस कोचातून फिरत होते. हे इंग्रजीत सांगायचं होतं, एका अनोळखी बाईला, निळ्या फुलांमध्ये उभं राहून.  मी म्हटलं, नऊ तारखेला.

हॉबडेबाईंनी सुंदराबाईचे दोन्ही हात धरले. सुंदराबाईने हात धरू दिले आणि माझ्याकडे वळली. बाळाच्या दवाखान्यात फेऱ्या मारून इंग्रजी आकडे आणि महिने तिला कळू लागले होते.

"काय सांगतलास तिला?"

"नऊ तारखेला तू जातेस, असं."

 "मंग खरा कर," ती म्हणाली, आणि खाली बसून एकविसावी बांधायला लागली.

पाऊस वाढला होता. माझे बूट पाण्याने भरले होते, घरी बाळ उठलं असणार, हॉबडेबाई बिचाऱ्या ओल्या उभ्या. मी म्हटलं, सुंदराबाई, पुरे आता, चल. ती म्हणाली एवढी बांधू दे. मी म्हटलं, पुरे म्हणाले ना. आणि तिच्या हाताला धरून उठवली.

पुढचं काम हॉबडेबाईंनीच केलं, नकळत. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं की डॉक्टरांच्या घरच्या बाई मुलीच्या लग्नाला निघाल्या. सोमवारी दवाखान्यात प्रत्येक पेशंट विलासला विचारत होता, कधीचं विमान? एका म्हातारीने नवरीसाठी भरतकाम केलेला टेबलक्लॉथ आणून दिला. विलास घरी आला तो धुसफुसत. आई, तू मला कोंडीत पकडलंस. मी म्हटलं, पकडलं. मला आधीच पकडता आलं असतं तर बरं झालं असतं. बाळाला मी सांभाळते, सप्टेंबरपर्यंत राहते, आता तिकीट काढ.

पण नऊ तारखेचं तिकीट मिळेना. दहा नाही, अकरा नाही. मे महिना, सगळे भारतात निघालेले. मिळालं ते अकराच्या मध्यरात्रीनंतरचं, वाटेत आखातात एक थांबा, बारा तारखेला रात्री मुंबई. मी तिच्या स्वेटरला एक कागद टाचला, त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं की या बाईंना मुंबईला जायचं आहे, कृपया मदत करा. तिने तो कागद काढून दोनदा पाहिला आणि परत टाचायला माझ्याकडे दिला. निघताना माझ्या पाया पडली नाही. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि गेली.

आखातात विमान बिघडलं. प्रवाशांना कुठल्याशा हॉलमध्ये दीड दिवस बसवून ठेवलं. तेरा तारखेला सकाळपासून सहार विमानतळावर तिचा दीर उभा होता. संध्याकाळी तो एकटाच मांडवात परतला, आणि गोरज मुहूर्तावर आईवाचून लग्न लागलं. सुंदराबाई चौदा तारखेला दुपारी सानपाड्याला पोचली. मीना सकाळीच घणसोलीला गेली होती.

हे सगळं मला सप्टेंबरात परत आल्यावर नामदेवने सांगितलं. सुंदराबाई कामाला येत नव्हती. मी दोन निरोप पाठवले, मग स्वतःच गेले. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, ती दारात सुकट निवडत बसलेली. मी बरंच बोलले. विमानाचा दोष, विलासचा दोष, तिकिटांचा दोष. ती ऐकत होती. शेवटी मीच म्हटलं, ते दहा दिवस माझे होते, सुंदराबाई. आल्या आल्या हट्ट धरला असता तर तू वेळेवर पोचली असतीस.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुझा राग नाय. पन तुझ्या घरा काम नाय करनार."

मी म्हातारपणाकडे झुकलेली, तापट, हट्टी बाई. मला इतकं चिडायला झालं की सांगता येत नाही. राग नाही म्हणते आणि कामही करत नाही म्हणते. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या, आणि हिशेब मिटला असता. पुढची तीन-साडेतीन वर्षं ती मला बाजारात भेटे, नातवाची चौकशी करे, आणि आपल्या वाटेने जाई. निघायच्या घाईत माझ्याकडेच राहिलेला टेबलक्लॉथ मी तिला देऊ केला होता. तो तिने जयमालेसाठी ठेवून घेतला. तेवढंच.

अठ्ठ्याऐंशी साली जानेवारीत ती अचानक माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेर, नामदेव उभा राहायचा तिथेच उभी राहिली. जयमालेचं लग्न ठरलं होतं.

"वीस मी आननार," ती म्हणाली. "एकविसावी तू आन."

मी म्हटलं, अगं, आईनेच आणायची असते ना? मला अठ्ठावन्न वर्षं झालीत, गुडघे दुखतात, डोंगर अर्धा दगडाच्या खाणींनी खाल्लाय. ती म्हणाली, मंग नको आनू. आणि जिना उतरायला लागली.

गेले. मुकाट्याने गेले, दुसरं काय करणार? ओकखालची एकविसावी मीच तिला बांधू दिली नव्हती. मार्चातल्या एका पहाटे सानपाड्याच्या नऊ बायांबरोबर पारसिक चढले. सगळ्याजणी माझ्याकडे बघून पदरात हसत होत्या. एकीने विचारलं, मास्तरीणबाय, नकाशा आनलास का? खाणींच्या वर एक पट्टा राहिला होता तिथे लाकूड होतं. मी कोयता चालवला, हात सोलले. मोळी बांधली ती उतरताना दोनदा सुटली. पहिल्यांदा मीच पुन्हा बांधली. दुसऱ्यांदा सुंदराबाई मागे आली, वेलीने आवळून दिली, गाठ आत दाबली आणि पुन्हा पुढे निघून गेली. डोक्यावर मात्र मलाच घ्यायला लावली, तुर्भ्यापासून सानपाड्यापर्यंत. मान आठवडाभर वळत नव्हती.

दारासमोर वीस मोळ्या रचलेल्या होत्या, तशाच देखण्या. माझी वरती ठेवायला तिने उचलली, हातात तोलली, एक काठी ओढून नखाने साल खरवडली.

"ओली हाय," तिने जाहीर केलं. सगळी गल्ली हसली.

हिरवं झाड तोडलं होतं मी. वाळकं कोणतं आणि ओलं कोणतं, पंचवीस वर्षं भूगोल शिकवून मला कळलं नव्हतं. तरी तिने ती रचली, सगळ्यांत वर, एकविसावी म्हणून. लग्नाच्या दिवशी आचारी तिला हात लावेना, म्हणाला धूर होईल. मोळी तशीच मांडवाच्या कोपऱ्यात पडून राहिली, आणि त्या पावसाळ्यात सुंदराबाईने तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. तेव्हाही ती जळली नाही म्हणे नीट. बाजारात भेटली तेव्हा भाजीवालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने मला ते सांगितलं.

कामाला मात्र परत आली नाही.